लंकेची घोडी

लोकांना वाटतं, जुनी कॅसेट पेन ड्राईव्हवर घेणं म्हणजे गिरणीत दळण टाकणं. डबा ठेवला, बाजारात चक्कर मारली, पीठ घेऊन घरी. मंचरला बसस्टँडच्या मागे माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे आणि कॅसेट काय चीज असते ते माझ्या नाकाला विचारा. आतली फीत बुरशीने पांढरी झालेली असते, वास कुबट असतो. स्क्रू काढून, मऊ कापडाने हात हातभर फीत पुसत बसावं लागतं. मग जुन्या व्हीसीआरवर ती लावायची आणि जितक्या तासांची कॅसेट तितके तास कॉम्प्युटरसमोर बसायचं. घाई चालत नाही. लग्न झालं तेव्हा जेवढा वेळ लागला, तेवढाच आत्ताही लागतो.

कापाकापीचं म्हणाल तर मी पुष्कळ कापलंय. पंगतीत मटणाच्या फोडीवरून भांडणारे पाहुणे, मांडवात घोरणारा नवरदेवाचा मामा, मंगलाष्टकं चालू असताना आत शिरलेली म्हैस. पण माणूस जिथे होता तिथून मी माणूस कापत नाही. सोडचिठ्ठी झाली म्हणून सुनेला काढा, वाटणीवरून बिनसलं म्हणून भावाला काढा, असं सांगत लोक येतात. मी म्हणते, घरातून काढलंत ना, मग आता कॅसेटमध्ये तरी राहू द्या. काही जण हसतात, काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

यंदा चैत्रातल्या यात्रांच्या आधी सार्थक नावाचा एक तरुण दुकानात आला. जुन्नर तालुक्यातला, पिंपळवंडीकडचा. गावाचं नाव सांगत नाही, तिथली कामं मला अजून मिळतात. त्याने रुमालात बांधलेली एक कॅसेट माझ्यासमोर ठेवली.

"ताई, ह्यात आमच्या अण्णांची बारी आहे. शहाण्णव सालची. यंदा यात्रा कमिटी अण्णांचा सत्कार करणार आहे. घाटावर एलईडी लावायचाय, त्याच्यावर दाखवायचीय."

बारी म्हणजे शर्यतीतली एक धाव. आमच्याकडच्या बैलगाड्यावर माणूस नसतो. घाट म्हणजे शर्यतीसाठी आखलेला चढ. चार बैल रिकामा गाडा घेऊन तो चढतात आणि त्यांच्यापुढे एक घोडी पळते. घोडी नसेल तर बैलांनी कुणाच्या मागे पळायचं? घोडीवर जो बसतो त्याचा तोल गेला तर चार बैल आणि गाडा त्याच्या अंगावरून जातात. पण घाटात पुकारा होतो तो गाडामालकाच्या नावाने. घोडीवर कोण होतं ते लोकांनी लक्षात ठेवायचं.

आणि लोकांनी लक्षात ठेवलं होतं. सार्थकचे अण्णा म्हणजे त्याचे वडील, कुंडलिक. त्या वर्षी त्यांच्या वडलांचा, गेणूनानांचा, गाडा बारा सेकंदात वर आला आणि घोडीवर कुंडलिक होते, असं सगळा तालुका सांगत होता. कुंडलिक त्यानंतर पुन्हा घोडीवर बसले नाहीत, पण एका बारीवर माणसाचा जन्म निघतो. गेल्या वर्षी नाना वारले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, बैलांच्या झुलींखाली, ही कॅसेट निघाली. जिवंत असताना त्यांनी ती कुणाला लावू दिली नव्हती.

"बारीवर गाणंबिणं टाकू नका बरं का," सार्थक जाता जाता म्हणाला. "चिमाजीबाबांचा पुकारा ओरिजनल पायजे. आवाज एकदम कडक करा."

चिमाजीबाबा म्हणजे त्या काळचे निवेदक. सार्थकचं म्हणणं मला पटलं. आमच्या भागात लग्नावर कुठलंही गाणं टाका, खपतं. पण बारीवर गाणं टाकलं तर लोक पडदा फाडतील. निवेदकाचं 'भिर्रर्र' आणि पुकारलेले सेकंद कानावर पडले नाहीत, तर ती बारी कसली?

फीत पुसायला दोन दिवस गेले. मग ती चालली, आणि शेवटाला येऊन तुटली. पण तोवर सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. कॅमेरेवाला घाटाच्या माथ्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा असावा. खालून धुळीचा लोट आला, धुळीतून पांढरी घोडी आली, तिच्यामागे चार बैल. घोडीवरचं माणूस मानेपर्यंत वाकलेलं, डोक्याला फेटा, अंगात ढगळ शर्ट. गाडा वर पोचल्याचं निशाण पडलं. घोडी कॅमेऱ्यासमोर वळली आणि स्वाराने तोंड वर केलं.

सोळा वर्षांची पोरगी होती. धुळीने माखलेली, दात काढून हसणारी, आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण.

ते गोंदण मी लहानपणापासून बघितलंय. माझं माहेर लोणी. आमच्या शेजारच्या घरात लंकाकाकू सून म्हणून आली ती त्याच वर्षी. कुंडलिक तिचा थोरला भाऊ. आल्या आल्या नव्या नवरीने सासरी सांगितलं की आमच्या नानाची घोडी मी घाटात पळवली, बारा सेकंदात. सासू हसली, दीर हसले, मग अख्खी लोणी हसली. बाई घाटात उतरत नाही, बघायलासुद्धा उभी राहत नाही, आणि ही म्हणते घोडीवर बसले! तेव्हापासून आमच्या गावात कुणी थापा मारायला लागलं की लोक म्हणतात, "पळाली बघा लंकेची घोडी!" पोरं शाळेत म्हणतात, पुढारी सभेत म्हणतात. नंतर आलेल्या पोरांना तर ठाऊकही नाही की लंका नावाची जिवंत बाई गावात आहे आणि रोज डेअरीला दूध घालायला जाते.

माझं डोकं फिरलं. मी सार्थकला बोलावून घेतलं.

त्याने पाहिलं. पोरगा लबाड नव्हता, तो खरंच गार पडला. फोन घेऊन बाहेर गेला, बराच वेळ अण्णांशी बोलला. परत आला तेव्हा कान लाल झाले होते आणि बोलणं ठरलेलं होतं.

"ताई, ते शेवटचं काढून टाका. लांबनं दिसतंय तेवढंच ठेवा. तिथं अण्णांचा फोटो टाका, फुलं पडताना."

"का?"

"तोंड नीट दिसत नाय त्यात."

"दिसतंय की. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसतंय."

तो खुर्चीत बसला. "आत्या बसली व्हती. अण्णा ऐनवेळी घाबरले, त्यांना उलट्या सुरू झाल्या. घोडी सोडायची वेळ जवळ आली तशी नानांनी आत्याला फेटा बांधून वर बसवलं आणि स्वतः माथ्यावर गेले. नंतर कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, बाई असंल तर बारी बाद. मग नानांनी सांगितलं, कुंडलिकच व्हता. अण्णांनी तोच फेटा बांधून बक्षीस घेतलं. सगळ्यांचंच भलं झालं."

"लंकाकाकूचं काय भलं झालं?"

"आत्याचं लगीन झालं ना त्याच वैशाखात. चांगलं घर मिळालं."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या वाक्याने कळलं. मी सांगितलं, मी कापणार नाही.

"मग दुसरीकडं कापून घेतो," तोही उठला. "कॅसेट आमची, बारी आमची, बॅनर लागल्यात. आता काय गावासमोर अण्णांची इज्जत काढू? तुमाला काम करायचंय का नाय, परवापर्यंत सांगा."

कॅसेट त्यांची होती, हे खरं. पण तोंड काकूचं होतं. ज्याचं तोंड त्याला दाखवायला मी कुणाची परवानगी काढणार नव्हते. संध्याकाळी काकूला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती दुकानात हजर.

तोवर माझ्या हाती आणखी एक गोष्ट लागली होती. सार्थकला आवाज कडक हवा होता, म्हणून मी पहाटेपासून खरखर काढत बसले होते. गर्दीचा कल्ला खाली घेतला, चिमाजीबाबांचा पुकारा वर काढला, आणि त्याच्याखालून दुसराच एक आवाज वर आला. अगदी कॅमेऱ्याला चिकटून उभ्या असलेल्या माणसाचा. आधी तो कल्ल्यात बुडालेला होता.

काकूने आधी चित्र पाहिलं. स्वतःकडे तिचं लक्षच नव्हतं.

"चांदी हाय ही," ती म्हणाली. "बघ, कान कशी पाडून पळती! लई गुणाची घोडी व्हती." मग पोरीचं तोंड आलं तेव्हा तिने पडद्याला बोट लावलं. "इतकी काळी व्हते का गं मी?"

मी तिच्या कानाला हेडफोन लावला. मला पाठ झालं होतं, तरी मी तिच्या तोंडाकडे बघत मनात ऐकत होते. "लंके, वाकून बस! लंके, लगाम सोड! सोड लेकी!" मग निशाण पडतं, चिमाजीबाबा 'भिर्रर्र' म्हणतात, आणि तोच माणूस कॅमेरेवाल्याला गदागदा हलवत ओरडतो, "माझी पोरगी हाय राव ती! माझी पोरगी!"

काकूने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. रडेल असं वाटलं होतं, पण तिचा जबडा आवळत गेला.

"नानाच्या शेवटच्या आजारात मी विचारलं व्हतं त्याला," ती म्हणाली. "म्हणलं, नाना, आता घरात कोण न्हाई, मला एकटीला तरी सांग, मीच व्हते ना? तर म्हणतो कसा, लंके, तुला सपान पडलं आसंल. मरायला टेकलेला माणूस, आन् मला म्हणतो सपान पडलं. आरती, मला सुदिक वाटाया लागलं व्हतं गं, की पडलं आसंल."

तिला सन्मानचिन्ह नको होतं, शाल नको होती. बापाने जे नाकारलं ते बापाच्या तोंडून गावाने ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हणाले, "काकू, मी ते कापणार नाही. यात्रेत सगळंच्या सगळं दाखवते, होऊ दे काय व्हायचं ते."

"येडी हायेस का?" ती माझ्यावरच उखडली. "माझं तोंड दाखवशील तर म्हणतील, हे कॉम्प्युटरवर बनवलंय. आताशा मोबाईलवर काय बी बनवत्यात. त्याला पायजे तसं काप. माझं तोंड काढ, कुंडलिकदादाचा फोटू टाक, फुलं टाक. आवाज तेवढा ठिव. तो पोरगा स्वतः पसंत करून नेऊ दे. मग कोण म्हणंल बनवलं?"

"आणि आवाज त्यांना ऐकू आला तर?"

"पुरुषमाणसं गं ती. बारीतनं चिमाजीचा पुकारा काढायची त्यांची छाती व्हनार न्हाई. नाना त्याच्याच पोटात बसलाय."

बाईने आयुष्यात कधी कॉम्प्युटर उघडला नव्हता, पण आपल्या माहेरची माणसं तिने पुरती ओळखली होती. मी माझा नेम मोडला आणि कापलं. तिचं तोंड तिच्याच हुकमाने कापलं.

सार्थक आला, त्याने मोठ्या पडद्यावर चित्र पाहिलं. धुळीतली घोडी, लांबून, मग कुंडलिकअण्णांचा फेट्यातला फोटो आणि वरून झेंडूची फुलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"एकदा हेडफोन लावून आवाजही ऐक," मी म्हणाले. उगाच नंतर कुणी म्हणायला नको.

"आवाजात काय बघायचंय ताई? चिमाजीबाबा हायेत ना?"

"आहेत."

"मग झालं." त्याने तो व्हिडिओ तिथूनच कमिटीच्या ग्रुपवर टाकला आणि एलईडीवर लावायचं कामही मलाच दिलं. मोबाईलच्या एवढ्याशा भोकातून कुणाला काय ऐकू येणार होतं? सगळ्यांनी अंगठे पाठवले.

यात्रेच्या दिवशी घाट गच्च भरला होता. भंडाऱ्याने माणसं पिवळी झाली होती. माथ्यावर एलईडी, दोन्ही बाजूंना माणसाच्या डबल उंचीचे स्पीकर, शेजारी छोटं स्टेज. स्टेजच्या पायथ्याशी टेबलावर मी आणि माझा लॅपटॉप. बायकांसाठी हल्ली एका कडेला मांडव असतो. काकू तिकडे गेली नाही. लोणीहून एकटी आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुरुषांच्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या रांगेशी जाऊन उभी राहिली. दोघातिघांनी हटकलं. तिने ऐकलंच नाही.

कुंडलिकअण्णा स्टेजवर खुर्चीत होते. अंगावर शाल, हातात नारळ. माणूस दिसायला गरीब, सारखा घाम पुसत होता. तरण्या निवेदकाने त्यांच्यावर शब्दांच्या फुलांची बरीच उधळण केली आणि मग मला खूण केली.

मी लावलं. घाट शांत झाला. लांबून धूळ आली, धुळीतून पांढरी घोडी. चिमाजीबाबांचा आवाज स्पीकरमधून घुमला तशी म्हाताऱ्या गाडामालकांनी टोप्या काढून हवेत उडवल्या. आणि त्या पुकाऱ्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला.

"लंके, वाकून बस!"

टोप्या खाली पडल्या त्या कुणी उचलल्या नाहीत.

"लंके, लगाम सोड! सोड लेकी!"

पुढच्या रांगेतले सोपानबाबा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत उभे राहिले. "आरं, गेणूचा आवाज हाय ह्यो!" ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. या घाटावर ज्याने आयुष्यभर बैलांना हाका मारल्या, त्याचा आवाज कोण विसरेल? निशाण पडलं, 'भिर्रर्र' झालं, पडद्यावर कुंडलिकअण्णांचा फोटो आला, त्याच्यावर झेंडूची फुलं पडायला लागली, आणि फुलांच्या आतून गेणूनाना सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "माझी पोरगी हाय राव ती! माझी पोरगी!"

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर ज्यांनी झाकलं त्यांनीच स्पीकर लावून दिले होते.

सार्थक माझ्या टेबलाकडे धावला. "बंद करा! ताई, बंद करा ते!" त्याचा हात लॅपटॉपपर्यंत पोचला असेल नसेल, तोच स्टेजवरच्या माईकमधून खोल गेलेला आवाज आला.

"सार्थक, थांब. नाना बोलतोय."

कुंडलिकअण्णा उभे राहिले होते. नारळ खुर्चीतच राहिला होता.

गर्दीतून वाट होत गेली आणि लंकाकाकू स्टेजपाशी आली. कुणी तिला वाट दिली असं नाही, ती येत गेली तशी माणसं सरकली. अण्णांनी तिला पाहिलं. "लंके, म्या..." एवढंच ते म्हणाले.

"बस दादा," काकू म्हणाली. "खुर्चीवर बस निवांत. घोडीवर काय तुला बसवलं न्हाई."

पुढच्या रांगेतून हशा फुटला आणि लगेच विरला. अण्णा खरंच बसले. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण ती दया मी जागच्या जागी आवरली.

काकू माझ्याकडे वळली. "आरती, परत लाव. आन् आता सगळं लाव."

दुसरी फाईल मी आधीच उघडून ठेवली होती. सार्थक बाजूला उभा होता, पण त्याने हात पुढे केला नाही. पुन्हा धूळ आली, पुन्हा घोडी, पुन्हा बापाच्या हाका. या वेळी घोडी वळली आणि पंधरा फुटी पडद्यावर धुळीने माखलेली ती पोरगी हसायला लागली. तिच्या हनुवटीवरचे तीन ठिपके ताटाएवढे दिसत होते. पडद्याखाली तीच हनुवटी उभी होती. कुणीही म्हणालं नाही की हे बनवलंय.

तरणा निवेदक माईक धरून नुसताच बघत होता. समोर बारी संपली आणि आपण पुकारा केला नाही, असं त्याच्या आयुष्यात घडलं नसावं. पण पुकारायचं मालकाच्या नावाने, आणि मालक तर गेलेला. त्याने माईकवर हात ठेवून खाली वाकून विचारलं, तरी ते स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

"आत्या, बारी कुणाच्या नावावर पुकारू?"

काकूने पडद्याकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही. तिने निवेदकाचा हात माईकवरून बाजूला केला.

"गाडा नानाचा," ती म्हणाली. "घोडी माझी."